आण्णांच्या नडग्यांवरच्या गाठी आणि ॲसिट्रेटिनची कॅप्सूल

द्राक्षबागवाला
१४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही तासगाव तालुक्यातले. वडील, म्हणजे आण्णा, ६१ वर्षांचे. तीन एकर बाग. माळकरी माणूस, साखर नाही, बीपी नाही, सुपारीचं खांडही नाही. बागेत काम करताना धोतर गुडघ्याच्या वर खोचायची सवय, त्यामुळे नडग्या चाळीस वर्षं उन्हातच. जूनमध्ये उजव्या नडगीवर एक पुळी आली. आठवड्यात हरभऱ्याएवढी, महिन्यात आवळ्याएवढी. मधोमध खळगा आणि खळग्यात पिवळट, शिंगासारखं टणक बूच. आण्णांचं निदान ठरलेलं: बाभळीचा काटा मोडलाय.

तालुक्याच्या एका दवाखान्यात कापून घेतली. कापलेली गाठ तपासायला पाठवायची असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनीही पाठवली नाही. कचऱ्यात गेली. टाके निघाले आणि तीन आठवड्यांत टाक्यांच्याच रेघेवर दोन नव्या उगवल्या, वाफ्यात लावल्यासारख्या ओळीनं. सप्टेंबरअखेर दोन्ही नडग्यांवर मिळून सात आणि डाव्या मनगटावर एक.

मग मिरज गाठली. तिथं मनगटाची आणि नडगीची अशा दोन गाठींचे तुकडे काढून तपासले. दोन्हींचा रिपोर्ट ‘केराटोअकॅन्थोमा’. तिथल्या त्वचेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ही कॅन्सरच्या भावकीतली गाठ आहे, पण बहुतेक वेळा घरभेदी नसते. एखादी असती तर सरळ कापली असती. सगळ्या कापत बसलो तर नडगीला कातडी पुरायची नाही, आणि तुमच्या वडलांच्या कातडीला जिथं सुरी लागेल तिथं नवीन उगवायची खोड दिसते. म्हणून कॅप्सूल: ॲसिट्रेटिन २५ मिलिग्रॅम, रोज रात्री जेवणाबरोबर. त्याआधी रक्त तपासलं: लिव्हर, चरबी, किडनी.

आता घोळ इथून पुढं आहे. गावातला मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणाला, “हे तर सोरायसिसचं औषध, गाठीला कुठं देतात?” तेवढं ऐकून आण्णांनी पुडी फडताळात टाकली. दहा दिवस झाले, एकही कॅप्सूल पोटात गेलेली नाही. कुणाच्या घरात गाठीसाठी हे औषध चाललंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


कृष्णाकाठ
१४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

या विषयातलं शून्य कळतं, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद. आण्णांना लवकर आराम पडो. वाचनखूण साठवली.


हळकुंड
१५ नोव्हेंबर, सकाळी ७.१२

सांगली जिल्ह्यात राहून हळद सोडून कॅप्सुला? हळद-चुन्याचा लेप लावा, आठ दिवसांत सुकतात. आमच्या पलीकडच्या गावात एक जण काळा लेप देतो. लावला की गाठ मुळासकट कोळशासारखी गळून पडते. डोळ्यांनी बघितलेलं आहे. पत्ता हवा तर खाजगी निरोप करा.


मिरजेचा_औषधवाला
१५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

हळकुंडराव, पत्ता तुमच्याकडंच ठेवा. तो लेप गाठ ओळखून जाळत नाही, जे हाताला लागेल ते जाळतो. वरची गळते, खाली काय उरलं ते खपलीआड लपतं, आणि माणूस सहा महिन्यांनी भगदाड घेऊन आमच्या दुकानासमोरून हॉस्पिटलात जातो. बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे, असे तिघं मी स्वतः बघितलेत.

बागवालेदादा, मेडिकलवाल्याचं अर्धं बरोबर आहे. ॲसिट्रेटिनची मंजुरी जुनाट, जोरदार सोरायसिससाठी. पण मंजुरी एका आजाराची आणि वापर चार आजारांत, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. कातडीच्या गाठी, जन्मजात माशाच्या खवल्यांसारखी कातडी, अशांना त्वचेचे डॉक्टर हे देतात. चिठ्ठी चुकलेली नाही.

आता कामाचं. एक, कॅप्सूल उपाशीपोटी नको. जेवणात थोडं तूप-तेल असलं तर हे औषध अंगी लागतं, नाहीतर बरंचसं तसंच बाहेर जातं. दुसरं, अ जीवनसत्त्वाची वेगळी गोळी, टॉनिक, माशाच्या लिव्हरचं तेल सगळं बंद. हे औषध त्याच कुळातलं, ओझं दुप्पट होतं. कुणी तापखोकल्याला डॉक्सिसायक्लिन लिहून दिली तर आधी सांगा की हे चालू आहे. दोन्ही एकत्र आली की मेंदूभोवतीचा दाब वाढायची भीती असते. मेथोट्रेक्सेटही यासोबत नाही, लिव्हरवर मार बसतो.

आणि दारू.


द्राक्षबागवाला
१५ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

दारूचं मॅडमनीही विचारलं होतं. माळ घातलेल्या माणसाला दारू पितोस का विचारलं म्हणून आण्णा घरी येईपर्यंत फुगून बसले होते.

उपवासाचं काय? परवा कार्तिकी झाली, दर पंधरवड्याला एकादशी असतेच. त्या दिवशी कॅप्सूल चुकवायची का?


मिरजेचा_औषधवाला
१५ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

एकादशी आणि दुप्पट खाशी! खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप काय कमी असतं? खुशाल खिचडीबरोबर द्या. नुसत्या पाण्यावरचा उपवास असेल तर डॉक्टरांना विचारा.

आणि रागावू नका, पण आण्णा जेवणानंतर द्राक्षासव वगैरे घेतात का? बागाईतदारांच्या घरात बाटली असतेच म्हणून विचारतो.


द्राक्षबागवाला
१५ नोव्हेंबर, सकाळी १०.२२

घेतात. दोन चमचे, रोज रात्री, पचनाला. का?


मिरजेचा_औषधवाला
१५ नोव्हेंबर, सकाळी ११.००

बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा. आसव आणि अरिष्ट आंबवून करतात, त्यात आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो आणि तसं लेबलावर लिहिलेलं असतं. माळेचा भंग होत नसेल, कॅप्सुलीचा होतो.

अल्कोहोलच्या संगतीत ॲसिट्रेटिनचं अंगातल्या अंगात एट्रेटिनेट बनतं. एट्रेटिनेट म्हणजे याचंच थोरलं भावंड, पूर्वी तेच औषध म्हणून विकलं जायचं. अमेरिकेत १९८६ ला आलं आणि १९९८ ला बाजारातून गेलं. कारण ते चरबीत मुरतं. ॲसिट्रेटिन अंगातून निम्मं व्हायला साधारण ५० तास लागतात, एट्रेटिनेटला १२० दिवस. तासांचा हिशेब महिन्यांवर जातो.

आण्णांच्या वयात लेकराबाळांचा प्रश्न नाही, पण लिव्हर आणि रक्तातली चरबी आहेच. आसव फडताळात आणि कॅप्सूल ताटाशेजारी. सध्या तुमच्याकडं उलटं चाललंय.


त्वचा_ओपीडी
१५ नोव्हेंबर, दुपारी ३.३५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, याच जिल्ह्यात. आण्णा माझे पेशंट नाहीत, त्यामुळे त्यांच्या डोसावर बोलणार नाही. बाकी सांगते.

केराटोअकॅन्थोमाची चाल तुम्ही अचूक लिहिलीत: काही आठवड्यांत भसाभस वाढ, डोंगरासारखा उभार, माथ्यावर केराटिनचं, म्हणजे नखाशिंगात असतं त्या टणक प्रथिनाचं, बूच. यातल्या बऱ्याच गाठी पुढच्या काही महिन्यांत आपोआप बसतातही. मग आपसूक जाणारी गाठ कापायची कशाला, असं लोक विचारतात. कारण स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा खरा कॅन्सर हुबेहूब हेच सोंग घेतो आणि नुसत्या डोळ्यांनी दोघांत फरक करणं मलाही जमत नाही. तज्ज्ञांमध्येही एक मोठा गट या गाठीला त्या कॅन्सरचाच सौम्य प्रकार मानतो. म्हणून तुकडा तपासायचा, आणि तोही खोलवर, गाठीच्या बुडापर्यंतचा. वरवर खरवडून पाठवला तर पॅथॉलॉजिस्ट बिचारा काय सांगणार? पहिली गाठ तपासल्याशिवाय टाकून दिली हे वाचून जीव चुटपुटला. पुढं कुणाचीही, कसलीही गाठ काढली तर ती बाटलीत घालून प्रयोगशाळेत गेली का, हे विचारायला लाजू नका.

अशा गाठी एकाच माणसाला खूप येतात तेव्हा कथा वेगळी. १९३४ साली स्कॉटलंडमध्ये फर्ग्युसन-स्मिथ या डॉक्टरांनी एका तरुण खाणकामगाराची केस लिहिली: अंगभर कॅन्सरसारख्या गाठी येतात, खड्डेवजा व्रण ठेवून आपोआप बऱ्या होतात, पुन्हा येतात. तो आजार घराण्यात उतरतो, आणि त्याचं जनुक सापडायला २०११ उजाडलं. १९५० मध्ये पोलंडच्या ग्रझिबॉव्हस्कींनी दुसरा प्रकार नोंदवला, त्यात बारीक गाठी शेकड्यांनी येतात. तिसरा प्रकार असा की वयस्क माणसाच्या उन्हानं रापलेल्या नडग्यांवर, विशेषतः जखमेच्या किंवा टाक्यांच्या जागी, एकामागून एक उगवत राहतात. आण्णांचं वर्णन या तिसऱ्याकडं झुकतं. अशांना सुरी म्हणजे बीजारोपणच, म्हणून पोटातून रेटिनॉइड, म्हणजे ॲसिट्रेटिनच्या कुळातलं औषध.

हे चालतं कसं? १९२५ साली वोल्बॅक आणि हाऊ यांनी उंदरांना अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. त्यांच्या श्वासनलिकेतलं, लघवीच्या वाटेतलं मऊ ओलसर अस्तर बदलून कातडीसारखं टणक झालं, जागोजागी केराटिन साचलं. म्हणजे कुठल्या पेशीनं काय बनायचं याला हे जीवनसत्त्व वळण लावतं. पेशीच्या केंद्रकात त्याला धरणारी प्रथिनं १९८७ मध्ये हाती लागली. ॲसिट्रेटिन, आयसोट्रेटिनॉइन ही याच जीवनसत्त्वाची प्रयोगशाळेत घडवलेली नातलग. गाठीला ती जाळत नाहीत. वाह्यात वाढणाऱ्या पेशीला कान धरून रांगेत उभं करतात. आणि कान सोडला की ती पेशी पुन्हा रांग सोडते, हे आत्ताच लक्षात ठेवा.

एक विचारते. आण्णांच्या भावंडांत, आईवडलांत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कुणाला होता का? अशा गाठींसोबत तो इतिहास असेल तर म्युर-टोर नावाचा आनुवंशिक प्रकार असू शकतो, आणि मग नुसती कातडी बघून भागत नाही. तुमच्या मॅडमना हे नक्की सांगा.


रानमोडी
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२०

जीवनसत्त्वच आहे तर मग गाजरं खाऊन का होत नाही? प्रामाणिक प्रश्न आहे, हसू नका.


त्वचा_ओपीडी
१५ नोव्हेंबर, रात्री ८.००

हसत नाही. गाजरातलं बीटा-कॅरोटीन शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्वात बदलतं. ढीगभर खाल्लीत तर तळहात पिवळे होतील, गाठ बसणार नाही. आणि तयार जीवनसत्त्व औषधाच्या ताकदीनं घ्यायचं म्हटलं तर आधी लिव्हर आणि डोकं धरून बसाल. अंगणवाडीत पोरांना सहा-सहा महिन्यांनी मोजून पाजतात ते उगीच नाही. रेटिनॉइडं घडवली गेली ती यासाठीच, की गुण मिळावा आणि विष कमी व्हावं. कमी झालं, गेलं नाही.


सातारची_मावशी
१६ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

लिहू की नको असं कालपासून चाललं होतं. लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीला आत्याच्या घरी दिली. आमच्याकडं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, उलट घरची सून घरात म्हणून सगळे खूश. तिच्या मुलाला दीड वर्षाचा असताना नाकागालांवर वांगासारखे ठिपके यायला लागले. उन्हात नेला की डोळे मिटून किंचाळायचा. आम्ही म्हणायचो नाजूक आहे. सहाव्या वर्षी नाकावर गाठ आली तेव्हा पुण्याला नेला आणि झेरोडर्मा पिगमेंटोसम हा शब्द कळला. उन्हानं पेशीतल्या डीएनएला पडलेली चीर बुजवायचं काम त्याच्या शरीराला जमतच नाही. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच हा आजार होतो, आणि नात्यात लग्न असलं की तो योग जुळायला वेळ लागत नाही.

आता तो १४ वर्षांचा आहे. पाच गाठी कापून झाल्या. ११ व्या वर्षी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन सुरू केलं, तेच मुरुमांवर देतात ते. खरं सांगते, ते दीड वर्ष आम्हाला सण वाटला. एकच गाठ आली. मग त्याची पाठ आणि टाचा दुखायला लागल्या, हाडांचे एक्स-रे काढले. वाढीच्या वयात हे औषध हाडांवर जादा थर चढवतं, वाढही अडवू शकतं. थांबवावं लागलं. चौथ्या महिन्यात ओठाच्या कडेला एक, सहाव्यात पापणीखाली दोन.

घराच्या काचांना फिल्म, ट्यूबलाइट बदलल्या, शाळेला पूर्ण बाह्या आणि टोपी. खेळाच्या तासाला तो वर्गात बसून बुद्धिबळ खेळतो. परवा मला म्हणाला, मावशी, अजिंक्यताऱ्यावर रात्रीचं चढता येतं का गं?

बागवालेभाऊ, तुमच्या वडलांच्या हाडांची वाढ उरकलेली आहे. घेऊ द्या त्यांना औषध.


त्वचा_ओपीडी
१६ नोव्हेंबर, दुपारी २.४५

मावशी, तुमच्या भाच्याची गोष्ट आमच्या पुस्तकातली आहे, शब्दशः. १९८८ मध्ये अमेरिकेत झेरोडर्माच्या ५ पेशंटांना आयसोट्रेटिनॉइनचा मोठा डोस, वजनाच्या दर किलोला रोज २ मिलिग्रॅम, दोन वर्षं दिला. आधीच्या दोन वर्षांत त्यांना मिळून १२१ गाठी आल्या होत्या, औषधावर असताना २५ आल्या. औषध बंद केल्यावर गाठी येण्याचा वेग सरासरी साडेआठ पट वाढला. पाचच माणसं, पण या विषयावर बोलताना कुणीही डॉक्टर आधी याच अभ्यासाचं नाव घेतो.

कमी डोसावर पुन्हा सुरू करता येईल का, हे भाच्याच्या डॉक्टरांना जरूर विचारा. काहींना त्यावरही फरक पडतो आणि त्रास आवाक्यात राहतो. दारं बंद झालेली नाहीत.


दुसरी_किडनी
१६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

सांगलीतूनच. २०१४ ला आईची किडनी बसवली. ती शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर. त्याचा भुर्दंड कातडी भरते. माझ्या दोन्ही हातांवर चामखिळींचं पीक आणि त्यातली एक २०२१ मध्ये बिघडली. काढली. तेव्हापासून ॲसिट्रेटिन कमी डोसावर आहे, शिवाय किडनीच्या डॉक्टरांनी दाबणाऱ्या गोळ्यांपैकी एक बदलली. नवीन बिघडलेली नाही.

मी जाण्याआधी वाचून गेलो होतो: हॉलंडमध्ये १९९५ साली ३८ किडनीवाल्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज ३० मिलिग्रॅम, निम्म्यांना बिनऔषधी कॅप्सूल, सहा महिने. औषधवाल्या १९ पैकी २ जणांना नवा कातडीचा कॅन्सर झाला, बाकीच्या १९ पैकी ९ जणांना. गोऱ्या लोकांना हा त्रास आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

ओठांची तयारी ठेवा. व्हॅसलीन खिशात नाही असा दिवस जात नाही.


विट्याची_सून
१७ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

माझ्या जावेच्या तळहातांना सोरायसिस आहे. धागा वाचून सासूबाई म्हणतात, हेच औषध आणू. तिचं वय २६, लग्नाला दीड वर्ष. चालेल का?


त्वचा_ओपीडी
१७ नोव्हेंबर, सकाळी १०.५५

नाही. सासूबाईंना माझं नाव सांगून नाही म्हणा.

हे औषध गर्भात भयंकर व्यंग आणतं: मेंदू, चेहरा, हृदय. कॅप्सूल बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत. आयसोट्रेटिनॉइनला ही मुदत एक महिना आहे, ॲसिट्रेटिनला तीन वर्षं, ते चरबीत मुरण्याच्या भानगडीमुळंच. मूल हवं असणाऱ्या बाईला आम्ही हे देतच नाही. तळहातांच्या सोरायसिसला दुसरे उपाय आहेत, तिला दाखवून आणा.


मिरजेचा_औषधवाला
१७ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

यात भर: नव्या सुनांना पाळीसाठी अशोकारिष्ट चालू असतं. अरिष्ट म्हणजे पुन्हा अल्कोहोल. बाईमाणसाला ॲसिट्रेटिन चालू असताना आणि थांबल्यावर दोन महिने त्याचा थेंब नको. घरात एकाचं औषध चालू असलं की ते दुसऱ्याच्या हाती लागणार नाही असं ठेवा. तरण्या पोरीला तर एकही देऊ नका, ‘बघू तर एक घेऊन’ म्हणूनही नको.


हळकुंड
१७ नोव्हेंबर, दुपारी १.००

एवढं वाईट औषध आहे तर आण्णांना तरी कशाला? मी हेच म्हणत होतो.


कृष्णाकाठ
१७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

हळकुंडजी, विळ्यानं बोट कापतं म्हणून भाजी चिरायची थांबवतो का आपण?


द्राक्षबागवाला
१६ डिसेंबर, रात्री १०.१५

महिनाभर गायब होतो, माफी. बागेवर डाऊनी रोगानं हल्ला केला होता, फवारणीतच दिवस गेले.

या धाग्याचे प्रतिसाद आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले. कशानं पटलं म्हणाल तर सातारच्या मावशींच्या भाच्यानं. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पोरगं घेतंय, मला काय धाड भरलीय.” त्या रात्रीपासून कॅप्सूल चालू. आसवाची बाटली शेजारच्या तात्यांना देऊन टाकली.

आज बरोबर एक महिना झाला. ओठ म्हणाल तर उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखे, तडे तडे. आई रात्री साजूक तूप लावते, दिवसा व्हॅसलीन. नाक कोरडं पडून दोनदा रक्त आलं. कंगव्यात केस जास्त दिसतात. कातडी हाताला चिकट लागते, आण्णा म्हणतात गुळाच्या काहिलीवर उभा राहून आल्यासारखं वाटतं. बोटांची टोकं सोलून नवी गुलाबी कातडी आलीय. त्यातून एक गंमत झाली. रेशनच्या मशीनवर अंगठा लागेना. दहाही बोटं लावून झाली. दुकानदार म्हणाला, “आण्णा, तुम्ही सरकारदरबारी कोणीच नाही.” शेवटी आईच्या अंगठ्यावर धान्य आणलं.

चरबीचा रिपोर्ट: ट्रायग्लिसराइड १४० चे २६५. मॅडमनी तळलेलं आणि साखर कमी करायला सांगितलं, महिन्यानं पुन्हा तपासणी. लिव्हर ठीक.

गाठी? सातपैकी चार नडगीवरच्या उतरायला लागल्यात. आधी बूच सैल झालं, मग कडा बसल्या. सर्वांत मोठीचं बूच आंघोळीच्या वेळी आपोआप निघून हातात आलं. आण्णांनी ते आगपेटीत घालून मला दाखवायला ठेवलं होतं. नवीन एकही नाही. मनगटावरची मात्र जशीच्या तशी, उलट थोडी मोठी वाटते. कुणी काही म्हणेल का?

आणि म्युर-टोरचं विचारलं होतंत. आज्जी पोटाच्या दुखण्यानं गेली १९८२ ला. कसलं दुखणं, कुणी तपासलंच नाही. मॅडमना तेवढं सांगितलं. त्यांनी जुन्या तुकड्यांवर आणखी एक तपासणी लावली, ती नॉर्मल आली.


त्वचा_ओपीडी
१७ डिसेंबर, सकाळी ८.१५

मनगटाची लगेच दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. बाकीची भावंडं ऐकायला लागतात आणि एक ऐकत नाही, तेव्हा त्या एकावर संशय घ्यायचा असतो.


द्राक्षबागवाला
८ जानेवारी, रात्री ९.००

मनगटावरची काढली. कडेनं चांगली मार्जिन ठेवून, आणि या वेळी बाटली मी स्वतः हातात धरून लॅबला दिली. रिपोर्ट: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड (म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य जातीचा), कडा मोकळ्या. काखेत गाठी लागत नाहीत. मॅडम म्हणाल्या, काढली तेवढ्यात भागलं, पण दर तीन महिन्यांनी आख्खं अंग बघणार. पहिल्या तुकड्यात केराटोअकॅन्थोमा आणि आता हे, असं कसं विचारलं तर म्हणाल्या, म्हणूनच आम्ही त्यांना भावकी म्हणतो.

नडगीवरच्या सातही बसल्या. जागोजागी फिके खळगे राहिलेत.

गणेश मंडळाचं रक्तदान शिबिर पुढच्या आठवड्यात. आण्णा दरवर्षी पहिला नंबर. त्यांना सोडावं का?


मिरजेचा_औषधवाला
८ जानेवारी, रात्री ९.२०

अजिबात नको. कॅप्सूल चालू असेपर्यंत नाही आणि बंद झाल्यापासून तीन वर्षं नाही. ते रक्त कुठल्या गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही. शिबिरात चहा वाटायला उभं करा त्यांना.


सातारची_मावशी
११ जानेवारी, दुपारी ४.००

भाच्याचं कमी डोसावर परत सुरू झालं. हाडांचा एक्स-रे सहा महिन्यांनी. आण्णांना माझा नमस्कार सांगा. आणि हो, पौर्णिमेला मामानं त्याला अजिंक्यताऱ्यावर नेला होता. दरवाज्यापर्यंतच, पण गेला.


द्राक्षबागवाला
२२ मार्च, रात्री ८.३०

बाग उतरली. भाव विचारू नका.

फेब्रुवारीत सगळं सपाट दिसलं म्हणून मॅडमनी कॅप्सूल एक दिवसाआड केली होती. ओठ सुधारले, केस थांबले, अंगठाही मशीनवर लागला. आण्णा त्या दिवशी दोनदा जाऊन लावून आले. पाच आठवडे बरे गेले. काल आंघोळ घालताना आईला उजव्या घोट्याच्या वर दोन बारीक पुळ्या दिसल्या, मधे टिंबाएवढं पिवळं. आज मिरजेला नेलं. पुन्हा रोज एक. चार महिने तरी.

आण्णा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, तुपाची वाटी उशाशी ठेव.